गार इंजिनाचा आवाज

रविवारी सकाळी चर्चला निघताना पप्पा गाडी सुरू करायचे, तेव्हा पहिली दोन-तीन सेकंदं इंजिनाच्या एका बाजूने खडखड आवाज यायचा. डब्यात खिळे हलवल्यासारखा. मग आपोआप बंद. "म्हातारी झाली बिचारी," पप्पा म्हणायचे. २ लाख ३० हजार किलोमीटर पळालेली गाडी, थोडी कुरकुर करणारच, असं मलाही वाटायचं.

शेवटी खानापूर रोडवरच्या मिस्त्रींकडे दाखवली. त्यांनी ती रात्रभर ठेवून घेतली. सकाळी मला म्हणाले, "आता ऐक की. ओढणी सांभाळ, बेल्टात जाईल." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी टायमिंग कव्हरला टेकवलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली. आवाज वरच्या टॅपेटचा नव्हता. कव्हरच्या आत चेन आपटत होती.

मिस्त्रींनी समजावलं. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, आणि हा हिशोब टायमिंग चेन सांभाळते. वर्षानुवर्षं तिची एकेक पिन झिजते आणि अख्खी चेन लांबते. ढिली चेन टेन्शनर ताणून धरतो, पण तो चालतो ऑइलच्या दाबावर. रात्रभर उभ्या गाडीत दाब उतरतो, म्हणून गार इंजिन खडखडतं. ऑइल चढलं की गप्प. पुढे इंजिन थरथरतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. आणि चेनने दात सोडले, तर आमच्या इंजिनात पिस्टन थेट व्हॉल्ववर आदळणार.

"ऑइल वेळेवर बदलत होता ना?" मिस्त्रींनी विचारलं. पप्पा काही बोलले नाहीत.

खर्चाचा आकडा ऐकून पप्पांनी गाडी विकायची ठरवली. गिऱ्हाईक ओळखीतलंच होतं. पणजीत नोकरी करणारे आणि दर शनिवारी चोर्ला घाटातून घरी येणारे एक काका. ते यायच्या आधी पप्पा म्हणाले, "बाळा, जरा एक चक्कर मारून आण."

मी मारून आणली. परत गेटमध्ये शिरताना कळलं, मी काय केलं ते.

काकांनी चावी फिरवली. खडखड नाही की काही नाही. "काय स्मूथ आहे हो!" पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. मला तो घाट दिसत होता.

"काका, उद्या सकाळी गार असताना ऐका," मी म्हटलं. "चेन गेलीय तिची."

काकांनी गाडी घेतली नाही. पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर पप्पा बॉनेट उघडून, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून वाकले होते. त्याच आठवड्यात चेन, टेन्शनर आणि गाइड, सगळं नवं बसलं. पैसे हप्त्याने द्यायचे ठरले.

मित्रांनो, जुनी गाडी बघायला गेलात तर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी परत जा.