कथील, शिसे आणि शाळकरी मूल

घरातील वस्तू निरुपयोगी झाली, की ती भंगारवाल्याच्या हवाली करून आपण मोकळे होतो. तिच्या पोटात काय दडले आहे याची चौकशी करीत नाही. पूर्वीच्या गृहिणी अशी चौकशी करीत. पितळी भांड्यांना कल्हई लावून घेताना कथलात शिसे मिसळलेले नसावे, याविषयी आमच्या आजीचा कटाक्ष असे. शिसे स्वस्त, परंतु पोटात गेले की विष, एवढे रसायनशास्त्र शाळेची पायरी न चढलेल्या त्या पिढीला ठाऊक होते.

कथील-शिशाची हीच जोडी पुढे रेडिओ, दूरदर्शन संच आणि संगणक यांत शिरली. विजेच्या जोडणीचा डाख म्हणजे साधारणतः ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे. तो १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून कारखानदारांना सोयीचा. शिवाय तारांच्या आवरणात शिसे व कॅडमियम, नळीदिव्यांत पारा, प्लॅस्टिक पेटू नये म्हणून ब्रोमिनयुक्त रसायने. वस्तू चालू असेतो ही विषे बहुधा निद्रिस्त असतात. ती जागी होतात वस्तू फोडताना आणि जाळताना.

२००१ साली नेदरलँड्सच्या जकात अधिकाऱ्यांनी सोनी कंपनीचे सुमारे तेरा लक्ष 'प्लेस्टेशन' खेळसंच अडवले. त्यांच्या तारांत कॅडमियम मर्यादेबाहेर होते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि ब्रोमिनयुक्त दोन अग्निरोधके अशा सहा द्रव्यांवर निर्बंध घातले. आपल्याकडे २०११ च्या ई-कचरा नियमांतील तसेच बंधन १ मे २०१४ पासून लागू झाले: प्रत्येक घटकपदार्थात वजनाच्या ०.१ टक्का, कॅडमियमपुरते ०.०१ टक्का. शिसेविरहित डाख वितळण्यास सुमारे २१७ अंश उष्णता लागते. त्यासाठी भट्ट्यांपासून सुट्या भागांपर्यंत पुष्कळ काही बदलावे लागले. काही अपवाद अद्याप राहिले असले, तरी सोयीसाठी घातलेले विष निश्चयाने काढता येते, हे सिद्ध झाले.

मात्र हे बंधन नव्या मालापुरते. जुन्या मोठ्या दूरदर्शन संचांच्या काचेतच किलोभर शिसे असू शकते, आणि असे संच अजून कित्येकांच्या माळ्यावर पडून आहेत. डभोईतील माझ्या शाळेत भंगार वेचणाऱ्या कुटुंबांतील मुले येतात. एकाची काळवंडलेली बोटे पाहून विचारले, तेव्हा कळले, की तो वडिलांबरोबर तारा जाळून तांबे काढतो. तांब्याला भाव मिळतो. धुराचा हिशेब कोणी मांडीत नाही. बालकांच्या शरीरात शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी मात्राच आढळलेली नाही. ज्या मेंदूसाठी आम्ही शिक्षक राबतो, त्यावरच ते घाला घालते.

त्याला धुरापासून दूर राहावयास सांगितले, तेव्हा तो नुसता हसला. घरची चूल त्या तांब्यावर पेटत असताना माझा उपदेश कितीसा पुरणार? माळ्यावरचे संच अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे सोपवणे आपल्या हाती आहे. ते आपण करावे. परंतु पुढे जन्मणाऱ्या वस्तूंत विष शिरूच न देणे, हेच अशा मुलांचे खरे संरक्षण होय.