एक आकडा बदलायचा होता

आकडा बदलण्याचं कौतुक मला सांगू नका. बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही ठोकायची. संगणक आल्यावर रेघ गेली, पण रीत तीच राहिली: एकानं आकडा भरायचा, दुसऱ्यानं पास करायचा. त्यामुळे आमचे चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाले, "बाबा, तुम्हाला नाही जमायचं ते. मी दिवाळीत आलो की करतो," तेव्हा माझ्यातला कारकून दुखावला. करायचं होतं काय? तीसचे पंचेचाळीस. बस्स.

पण हे तीस कुठले, ते आधी सांगायला हवं.

आमच्या गावात नळाला पाणी एक दिवसाआड येतं, आणि येतं ते पहाटे साडेचारला. ते खालच्या हौदात पडतं. तिथून मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. हे खातं आमच्या आईकडे आहे. वय वर्षं ७६. मोटार लावायची, गच्चीवर जाऊन झाकण उचलून बघायचं, खाली यायचं, परत वर जायचं. "अगं, तू कशाला? मी बघतो की," असं मी तिला कितीदा तरी म्हटलेलं आहे. पण ते संध्याकाळी चहा पिताना म्हटलेलं आहे. पहाटे साडेचारला एकदाही नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गच्चीवरच्या शेवाळावरून ती घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टरमधल्या हातानं ती आम्हा सगळ्यांना कामं सांगत होती, ते सोडा. पण त्या पहाटे गच्चीवरून आलेली तिची हाक अजून माझ्या कानात आहे.

चिरंजीव तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. त्यांच्या इंजिनिअरिंगला जाण्यावरून आमच्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. माझं म्हणणं, कॉमर्स कर, बँकेच्या परीक्षा दे, सुखानं पेन्शनीत निघ. त्याचं म्हणणं, मला ते करायचं नाही. तेव्हापासून आमचा फोन चाळीस सेकंदांत आटोपतो. "जेवलास?" "हो." "पैसे आहेत?" "आहेत." "आईकडे देऊ?" "द्या."

तर आजी पडल्यावर हा गडी चार दिवस गच्चीवर ठाण मांडून बसला आणि त्यानं एक यंत्र केलं. टाकीच्या झाकणाला आतून एक सेन्सर लावला. तो पाण्याकडे तोंड करून माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, आणि तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. वेळ गुणिले वेग, भागिले दोन. हे भागिले दोन मला फार आवडलं. आवाज जातो आणि येतो. भत्ता मात्र एकेरीच मंजूर! हिशेब करायला ईएसपी ३२ नावाची एक चिप. शांघायच्या एका कंपनीनं ती २०१६ साली बाजारात आणली. बोटभर पट्टीवर बसवलेली मिळते. पाणी सेन्सरपासून ३० सेंटिमीटरवर आलं की स्वयंपाकघरात भोंगा वाजायचा आणि आई मोटार बंद करायची. दोन वर्षं ती गच्चीवर गेली नाही.

यंदाच्या मे महिन्यात टाकीला तडा गेला. नवी टाकी आणली. तिचा गळा उंच, आणि जास्तीचं पाणी जायची नळी बरीच खाली. मी टेप लावून मोजलं. पाणी सेन्सरपासून ४२ सेंटिमीटरवर आलं की नळीवाटे वाहून जायला लागतं. म्हणजे ते ३० पर्यंत काही केल्या पोचणारच नाही. भोंगा गप्प, गच्चीवर धबधबा. तिसऱ्या पहाटे मला जाग आली ती जिन्यावरच्या पावलांनी. आई वर चालली होती. हातात बॅटरी. आणि पावसाळा तोंडावर आलेला.

म्हणून तीसचे पंचेचाळीस.

"दिवाळीपर्यंत थांबता येणार नाही," मी चिरंजिवांना म्हटलं. "तू फक्त सांग, कुठं बदलायचं."

"मग लॅपटॉपवर व्हीएस कोड टाका. मायक्रोसॉफ्टचा आहे, फुकट आहे. त्यात प्लॅटफॉर्मआयओ म्हणून एक एक्स्टेन्शन आहे, ते टाका. मी फाईल पाठवतो."

एक्स्टेन्शन म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. आमच्या बँकेची एक्स्टेन्शन काउंटरं असायची. एखाद्या साखर कारखान्यात किंवा कॉलेजात एक टेबल, एक पेटी आणि वरिष्ठांच्या मनातून उतरलेला एक कारकून. (दीड वर्ष तो कारकून मीच होतो.) मुख्य शाखेचं नाव मोठं, पण कारखान्यात कोणाच्या उसाचं बिल कधी निघतं हे काउंटरवाल्यालाच ठाऊक. इथंही तसंच निघालं. व्हीएस कोडला नुसतं लिहिता येतं. चिपशी कसं बोलायचं, हे त्या एक्स्टेन्शनला कळतं.

एक्स्टेन्शन टाकलं. डाव्या कडेला एक चिन्ह उगवलं. मुंगीचं मुंडकं म्हणा किंवा परग्रहावरचा पाहुणा म्हणा. मग ते आपल्या सामानाची जमवाजमव करायला लागलं. नवीन प्रोजेक्ट उघडताना त्यानं तीनच गोष्टी विचारल्या: नाव, बोर्ड आणि फ्रेमवर्क. बोर्डांची यादी बघून माझे डोळे फिरले. हजारावर नग! त्यातून आपलं शोधून काढलं, 'फिनिश' दाबलं, आणि मोबाईलचा डेटा असा वाहायला लागला की आमच्या टाकीनं मान खाली घालावी.

"एक आकडा बदलायला एवढं सामान?" मी फोनवर विचारलं. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं, आणि बरं सांगितलं. लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, चिपचा वेगळ्या. आपण लिहिलेला प्रोग्राम लॅपटॉपवर बसूनच चिपच्या भाषेत उतरवावा लागतो, कारण त्या बोटभर पट्टीवर हे काम करण्याइतकी जागाच नाही. तो भाषांतर करणारा कंपायलर, पट्टीवर माल चढवणारा हमाल आणि बाकीची ग्रंथसंपदा हे सगळं पूर्वी एकेक करून गोळा करत बसावं लागायचं. हे एक्स्टेन्शन बोर्डाचं नाव ऐकतं आणि त्याला लागेल तेवढं आपणच मागवून घेतं. ते नाव 'प्लॅटफॉर्मआयओ डॉट आयएनआय' या कागदावर लिहून ठेवतं. चार-पाच ओळींचा कागद. खातं उघडायचा फॉर्मच म्हणा ना.

फाईल आली. ती मी 'मेन डॉट सीपीपी' मध्ये चिकटवली. तीस शोधले, पंचेचाळीस केले. आता खालच्या पट्टीवरचं बरोबरची खूण असलेलं बटण दाबायचं. त्याला बिल्ड म्हणतात. दाबलं.

लाल अक्षरं.

माझ्या हातून तीसबरोबर त्याच्या पुढचा अर्धविरामही खोडला गेला होता. मराठीत अर्धविराम कुठं द्यावा याची खात्री मला आजही नाही, आणि नाही दिला तर कुणाचं अडतही नाही. इथं त्याच्यावाचून पान हलत नाही. पण मला तेव्हा काय माहीत? मी आपला पहिल्या ओळीपासून, बँकेत एक रुपया जुळत नसला की करतो तसा, बोट ठेवून वाचत निघालो. आणि वाचता वाचता मला मराठी दिसली.

प्रोग्राममध्ये दोन तिरप्या रेघा मारल्या की त्यापुढचं त्या ओळीतलं काही यंत्र वाचत नाही. ते माणसांसाठी असतं. चिरंजिवांनी तिथं स्वतःशी बोलून ठेवलं होतं. एका ओळीपुढे: 'आजीनं गच्चीचं दार उघडायच्या आत वाजलं पाहिजे.' भोंग्याच्या ओळीपुढे: 'दोनदाच वाजव. बाबांची झोप मोडली तर घर डोक्यावर घेतील.' आणि जिथं टाकीची मापं होती तिथं: 'उंची बाबांना विचारू? नको. स्वतः मोजली.'

मी ती ओळ दोनदा वाचली. टाकीची उंची मला पाठ होती. ती टाकी मीच घासाघीस करून आणली होती. विचारलं असतं तर तोंडावर सांगितली असती.

"सापडली का चूक?" हिनं आतून विचारलं.

"सापडतेय," मी म्हटलं.

अर्धविराम बसवला, परत बिल्ड केलं, आणि हिरव्या अक्षरांत 'सक्सेस' आलं. शिवाय कुठली मेमरी किती टक्के भरली याचा ताळेबंद! अशी शिस्त आमच्या शाखेत मार्चअखेरीलासुद्धा दिसत नाही.

आता अपलोड. बाणाचं बटण. यंत्र म्हणालं, पोर्ट सापडत नाही. चिरंजिवांनी विचारलं, "केबल कुठली?" म्हटलं, मोबाईल चार्जिंगची. "त्यातल्या काही केबलींतून नुसती वीज जाते, बाबा. निरोप नेणाऱ्या तारा त्यात नसतातच." घरातल्या सहा केबली शोधल्या. निरोप नेणारी एकच निघाली, ती हिच्या शिवणयंत्राच्या खणात. मग यूएसबीचा ड्रायव्हर टाकायचा राहिला होता, तो टाकला. मग 'कनेक्टिंग' असा शब्द आला आणि त्यापुढे टिंबं पडायला लागली. टिंब, टिंब, टिंब, आणि शेवटी नन्नाचा पाढा.

"पट्टीवर बूट लिहिलेलं बटण आहे ना? टिंबं सुरू झाली की ते दाबून धरा. काही पट्ट्यांना दाबावं लागतं."

माझे दोन्ही हात गुंतलेले. एकात पट्टी, एकात माऊस, खांद्यावर फोन. शेवटी बटण हिनं दाबलं. "किती वेळ धरू? कुकर आहे गॅसवर." आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढ्या वेळात मी चारदा वर जाऊन बघून आले असते."

टिंबं थांबली. टक्के चढायला लागले. शंभर झाल्यावर यंत्रानं लिहिलं, 'लीव्हिंग'. येतो आता! इतका सभ्य निरोप मला एकाही ग्राहकानं दिलेला नाही.

पण अंतर बरोबर येतंय का, हे बघण्यासाठी प्लगची खूण असलेली सीरियल मॉनिटर नावाची खिडकी उघडली, तर तिच्यात चौकोन, प्रश्नचिन्हं आणि देवाला ठाऊक काय काय. मला वाटलं, संपलं. चिप बिघडवली. तीन मिनिटं मी पोराला फोनसुद्धा केला नाही. मग केला.

"बाबा, त्या आयएनआयमध्ये मॉनिटर स्पीड लिहिलंत का? पट्टी बोलतेय ११५२०० च्या वेगानं आणि तुम्ही ऐकताय ९६०० नं. ती बरोबरच बोलतेय. तुमचा ऐकायचा वेग जुळत नाहीये."

मी काही बोललो नाही. तोही नाही. मग ती एक ओळ लिहिली, खिडकी परत उघडली, आणि सरळ आकडे यायला लागले. सेन्सर मी हातात धरला होता. भिंतीकडे केला: ११८. कपाटाकडे: ७३. मग वळताना तो माझ्याच पोटाकडे झाला. ४१. आणि भोंगा वाजला. टाकी भरली!

"यंत्र बरोबर सांगतंय," ही म्हणाली. फोनमधून चिरंजिवांचं हसणं ऐकू आलं. पोरगा असा मोठ्यानं हसतो, हे मी विसरलो होतो. त्यानंतर सेन्सरला जवळचं का दिसत नाही, इकोच्या तारेवर दोन रेझिस्टन्स का लावलेत, असं मी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. (चिपला ३.३ व्होल्टच सोसतात, आणि सेन्सर ५ व्होल्टनं ओरडतो.) फोन ठेवला तेव्हा पडद्यावर बघितलं, ५२ मिनिटं. हिला दाखवलं. ती म्हणाली, "बॅलन्स संपला असेल." तिला अनलिमिटेड पॅक ठाऊक नाही असं नाही.

सेन्सर टाकीला परत बसवायच्या आधी मी एक काम केलं. जिथं पंचेचाळीस लिहिले होते, तिथं दोन तिरप्या रेघा मारल्या आणि पुढे रीतसर नोंद केली: 'टाकी बदलल्यामुळे ३० चे ४५ केले. नळी ४२ वर.' खाली तारीख आणि माझी आद्याक्षरं. बँकेची सवय. त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'नवीन टाकीची उंची बाबांना विचारावी. त्यांना माहीत आहे.' फाईल पाठवून दिली.

त्या पहाटे मी साडेचारला उठलो. होय, उठलो. आईनं मोटार लावली, दोघं स्वयंपाकघरात बसलो, तिनं चहा टाकला. पावणेसहाच्या सुमाराला भोंगा दोनदा वाजला. आईनं उठून मोटार बंद केली, बॅटरी उचलली आणि दाराकडे निघाली.

"आता कुठं?"

"वर. खरंच भरली का, बघून येते."

तिच्या हातातली बॅटरी घेऊन मीच गेलो. पाणी नळीच्या खाली दोन बोटं उभं होतं. खाली आलो तर मोबाईलवर चिरंजिवांचा निरोप येऊन पडलेला. म्हणजे तोही जागाच.

'बाबा, ४५ च्या पुढे अर्धविराम दोनदा दिलाय. चालतंय पण. उंची किती?'