तळाचा गाळ

आमच्या घरात कॉफीवर माझा अधिकार फक्त पिण्यापुरता होता. दुपारी चार वाजता पातेल्यात दूध उकळायचं, साखर आणि कॉफी पडायची, किसणीवर जायफळ चार वेळा फिरायचं आणि फडक्यातून गाळलेला पेला माझ्या वर्तमानपत्राशेजारी येऊन बसायचा. कित्येक वर्षं हा क्रम बिनतक्रार चालला. म्हणजे माझ्या बाजूने बिनतक्रार!

२०१९ साली मुलीने परदेशातून येताना एक काचेचं भांडं आणलं. उभट पेला, झाकणातून खाली जाणारी दांडी, तिच्या टोकाला पोलादी जाळी. भरड दळलेल्या कॉफीवर कढत पाणी ओतायचं, चार मिनिटं थांबायचं आणि दांडी खाली दाबायची. चोथा तळाशी कोंडला जातो, वरची कॉफी पेल्यात. नाव फ्रेंच प्रेस. पण त्याचं नामांकित पेटंट १९२९ साली घेतलं ते मिलानच्या कालिमानी आणि मोनेता या दोघा इटालियनांनी. त्याआधी १८५२ साली फ्रान्समध्येही तसंच एक पेटंट निघालं होतं, तेव्हा नावापुरती फ्रेंचांची अब्रू राहते.

हिने एक पेला प्यायला आणि निकाल दिला, "कोमट आहे. आणि शेवटच्या घोटाला चिखल लागतो." भांडं वरच्या फळीवर गेलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आम्हां दोघांना करोनाने गाठलं. माझा खोकला पंधरा दिवसांत गेला. हिचा तापही उतरला. पण एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, आणि ही शेजारच्या खोलीत शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत बसलेली! जिन्यात पाऊल टाकताच कुणाकडे काय शिजतंय ते सांगणारी ही बाई. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, वेळ लागेल. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी रोज दोन वेळा हुंगायला सांगितलं. ही मुकाट्याने चार बाटल्या घेऊन बसायची.

कॉफी मात्र तिने बंद केली. "जायफळ किती पडलं ते कळत नाही, मग करू कशाला?"

तेव्हा मी फळीवरचं भांडं खाली काढलं. पाणी उकळण्यापलीकडे त्यात कौशल्य लागत नव्हतं, म्हणूनच. अर्धा लिटर पाण्याला तीस ग्रॅम कॉफी, तीही तराजूवर मोजून. हिने घोट घेतला आणि म्हणाली, "अहो, कडू कळतं, गरम कळतं, आणि हा गाळ तेवढा कळतो."

कॉफीतलं तिच्या वाट्याला एवढंच उरलं होतं. वास आणून देणं माझ्या हातात नव्हतं. गाळ काढणं होतं.

पहिला उपाय मलमलचा. जाळीला दुहेरी फडकं बांधलं आणि दांडी दाबली. दांडी हलेना. मी अंगातला जोर लावला, तशी कॉफी झाकणाच्या कडेने उसळली ती थेट कॅलेंडरवरच्या संकष्टीवर. हात भाजला नाही हे नशीब. मग कागद. १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्स या गृहिणीने मुलाच्या वहीतल्या टीपकागदातून कॉफी गाळली होती, आणि तिच्याच वाटेने पुढे १९४१ साली श्लुम्बोम या रसायनज्ञाने प्रयोगशाळेतल्या चंबूसारखं केमेक्स काढलं. कागदातून कॉफी काचेसारखी स्वच्छ उतरली खरी, पण तिचं तेल कागदातच राहिलं. "पाणचट आहे," ही म्हणाली. जिला वासच नाही, तिच्या जिभेवरचा दाटपणाही मी काढून घेतला होता!

वाट दाखवली ती आमच्या मजल्यावरच्या तमिळ आजींनी. माझी झटापट बघून त्या म्हणाल्या, "दाबता कशाला? आमच्या फिल्टरमध्ये कोण दाबतं?" खरंच की! त्यांच्या पितळी फिल्टरमध्ये पूड वरच्या डब्यात बसते, पाणी आपल्या वजनाने झिरपतं आणि पुडीचा थरच गाळणीचं काम करतो. मी मात्र दांडी दाबून बसलेला गाळ पुन्हा ढवळत होतो. तेव्हापासून चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडायची, फेस काढून टाकायचा, आणखी पाच मिनिटं भांड्याला हात लावायचा नाही. जाळी फक्त पृष्ठभागाला टेकवायची आणि हळू ओतायचं. तळाचे दोन घोट भांड्यातच सोडायचे.

पण तोवर कॉफी निवायची. काच उष्णता धरत नाही. मुलीला कळवलं, तिने दुहेरी भिंतीचं पोलादी भांडं पाठवलं. त्यात एकात एक बसणाऱ्या दोन बारीक जाळ्या. ऑगस्टमधल्या एका दुपारी गरम, दाट आणि निर्मळ कॉफी मी हिच्यासमोर ठेवली. मला वाटलं, जिंकलो.

हिने पेला तोंडाजवळ नेला आणि झटकन दूर केला. "रबर जळतंय का हो?"

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, चुकीचा का होईना, वास परततो आहे. त्यांना काय जातंय? हिला कॉफीची शिसारी आली, कांद्याच्या फोडणीचीही. भांडं पुन्हा फळीवर, कॉफीचा डबा कपाटात. दिवाळीत फराळाचं तळण शेजारणींनी करून दिलं, कारण कढईजवळ ही उभी राहू शकत नव्हती. त्या दिवाळीत आमच्या घरात फारसं बोलणं झालं नाही.

जानेवारीत कपाट आवरताना तो डबा माझ्या हाती लागला. सहज झाकण उघडलं. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "अहो, कॉफी शिळी झालीय. झाकण नीट लावलं नव्हतंत ना?"

मी डबा नाकाशी नेला. शिळी झालीच होती.

"माटुंग्याला जाऊन ताजी दळून आणतो," मी म्हणालो.

"आणा. आणि येताना जायफळही आणा, घरातलं संपलंय."

मी पिशवी घेतली आणि चपला घातल्या.