दोन पिशव्या

माझी मावशी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. ऐन उमेदीचे वीसेक हंगाम तिने पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडांत कोयता चालवला. आता सदुसष्टी गाठली आहे. तिच्या घरात खुंटीला दोन पिशव्या असतात. एकीत मधुमेहाच्या गोळ्या, दुसरीत एचआयव्हीच्या. पहिली पाहुण्यांदेखत उघडते, दुसरी दार लावून.

आपल्याकडे सरकारी एआरटी उपचार मोफत सुरू झाले ते एप्रिल २००४ मध्ये. त्याआधी हा आजार घेऊन म्हातारे होणे खेड्यापाड्यांत जवळजवळ अशक्यच होते. मावशी म्हातारी झाली. सुरुवातीच्या स्टॅव्हुडीनने तिचे गाल बसले, तळपाय बधिर झाले. पुढे ते औषधच मागे पडले. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर एकाच गोळीत मिळतात. वरदानच ते, पण उतारवयात वरदानाच्या अटीही वाचाव्या लागतात. टेनोफोव्हिर मूत्रपिंडांना, हाडांना जाचू शकते. डोल्युटेग्राव्हिरमुळे रक्तातले मेटफॉर्मिन वाढते, म्हणून ते सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. मावशी २००० घेत होती.

कारण साखरेच्या डॉक्टरांना दुसरी पिशवी ठाऊकच नव्हती. मला होती, आणि तिचा मान राखतो आहोत या समजुतीने मी गप्प होतो. मळमळ आणि जुलाब थांबेनात तेव्हा म्हटले, "मावशे, त्यांना सांगू या."

"एकाला ठाऊक हाय तेवढं लई झालं. दुसऱ्याला कशाला?"

एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा रुग्णाच्या संमतीला मोल देतो. तिच्या परस्पर बोलणे मला शक्य नव्हते आणि गप्प बसणेही. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ती दोन्ही पिशव्या घेऊन दारात उभी राहिली.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन निम्म्यावर आणले, मूत्रपिंडाची तपासणी सांगितली. क्रिएटिनिन किंचित वाढलेले निघाले. डोल्युटेग्राव्हिरमुळे मूत्रपिंडाला इजा न होताही हा आकडा थोडा वर जातो, असे सांगून त्यांनी घाई टाळली. तीन महिन्यांनी पुन्हा पाहून मगच टेनोफोव्हिरचे ठरवायचे.

अर्धी संहिता वाचून निष्कर्ष काढू नका, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. घरात मात्र अर्धी संहिता दडवून ठेवण्यात मीही सामील होतो. उपचारांची निवड ही केवळ गोळ्यांची निवड नसते; आपली गोष्ट कोणाला पूर्ण सांगायची, तीही निवड असते. ती मावशीने केली.

पिशव्या अजून दोनच आहेत. फक्त आता त्या एकाच खुंटीला असतात.