आई कोपली तर?

जट कापायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो आधीच्या बोलण्याला, कधी कधी महिनोन्‌महिने. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या हे काम कित्येक वर्षं करत आहेत आणि मला त्यात कात्रीपेक्षा हे बोलणंच जास्त खेचून घेतं.

केसांत गुंता होतो, तेल-फणी थांबते, घाम-धूळ बसून त्याचा दोर होतो. शास्त्र एवढंच. पण बाईच्या डोक्यात असा दोर दिसला की घरातली थोरली म्हणते, यल्लम्मा आली. मग तो विंचरायचा नाही, त्याला हळद-कुंकू वाहायचं. मान अवघडते, धड कूस बदलता येत नाही, उवांनी जीव नकोसा होतो. पूर्वी लहान मुलीच्या केसांत जट सापडली की तिला यल्लम्माच्या सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन देवीला सोडत, देवदासी करत. अशा मुली बहुतेक दलित घरांतल्या. देवदासी प्रथेविरुद्धचा १९३४चा मुंबई इलाख्याचा कायदा, १९७५ची गडहिंग्लजची देवदासी परिषद, २००५चा महाराष्ट्राचा कायदा, एवढं सगळं त्या गुंत्यामागे उभं आहे. साधू जटा मिरवतो. बाईला तीच जट बांधून ठेवते. याला निव्वळ स्वच्छतेचा प्रश्न म्हणणं मला पटत नाही.

समोरची बाई विचारते, "आई कोपली तर?"

"कोपू दे माझ्यावर. कात्री माझ्या हातात आहे ना?"

असं म्हणणाऱ्या कार्यकर्तीचा स्वतःचा देवीवर विश्वास नसतो. मग ती खोटं बोलली का? माझा एक विवेकवादी मित्र म्हणतो, तुम्ही कोपाला मान्यताच देऊन टाकता. त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे. पण अंगात मुरलेली भीती पुराव्यानं निघत नाही. दुसऱ्या कुणी ती आपल्या शिरावर घेतली की जरा हलते. काहीजणी आधी पूजा करू द्या म्हणतात, कापलेली जट नदीत सोडतात. करू द्यावं. देवी तिची आहे. आणि बाईच नको म्हणाली तर कात्री परत पिशवीत. (तिच्याऐवजी नवऱ्याचा किंवा सासूचा होकार इथे चालत नाही.)

कापून झालं तरी सुटका नसते. पुढे घरात कुणाला ताप आला, म्हैस आटली, की बोट त्या मोकळ्या मानेकडेच जातं. अशा वेळी फोन उचलायला, सासूची समजूत काढायला, जनावरांच्या डॉक्टरला बोलावून आणायला कुणीतरी लागतं.