दूर देशींचें पत्र

आमची नात यंदां नववींत गेली. तिच्या इंग्रजी कवितांच्या पुस्तकांत जिलियन क्लार्क या वेल्श कवयित्रीची एक कविता आहे. तीवर निबंध लिहावयाचा, म्हणून बाईंच्या चरित्राची शोधाशोध आमच्याकडे आली. नातवंडांचा अभ्यास घेतां घेतां आजोबांचाच अभ्यास होतो, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेस लागून असलेला डोंगराळ, पावसाळी मुलूख. तेथील मूळची भाषा इंग्रजीहून सर्वस्वीं निराळी व फार जुनी. याहून अधिक आम्हांस कांहीं ठाऊक नव्हतें.

क्लार्कबाई १९३७ सालीं कार्डिफ शहरांत जन्मल्या. आईबाप दोघेही वेल्श बोलणारे. परंतु मुलीला पुढें यावयाचें तर इंग्रजीच हवी असें आईच्या मनानें घेतलें, आणि मुलीशीं घरांत इंग्रजीच बोलावयाचें असें ठरलें. या आईला नांवें ठेवणें सोपें आहे; पण या गोष्टीला मागचा इतिहास आहे. १८४७ च्या सरकारी अहवालानें वेल्श भाषा ही तेथील प्रजेच्या उन्नतीच्या वाटेंतील धोंड ठरविली होती. कित्येक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यांत शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवीत. १९०१ सालीं देशांतील जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलत. २०२१ च्या शिरगणतींत तें प्रमाण शेंकडा १७.८ वर आलें. कोळशाच्या खाणींवर बाहेरून माणसें आलीं, इंग्रजीचा व्यवहार वाढला, हीं कारणें आहेतच. पण कांहीं भाग आईबापांच्या हातूनही घडला, आणि तो लेकरांच्या कल्याणासाठीं घडला.

येथपर्यंत वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. पस्तीस वर्षांपूर्वीं हाच हुकूम आमच्या घरांत आम्हींच सोडला होता. चिरंजीवांस इंग्रजी शाळेंत घातलें, पुढें दूरच्या वसतिगृहांत ठेवलें. वाघिणीचें दूध पाजावयाचें तर घरच्या गाईचें बंद, असा आमचा खाक्या! आमच्या मातोश्री दर आठवड्यास नातवाला पोस्टकार्ड लिहीत. सुटींत तो घरीं आला तेव्हां त्यानें तीं सारीं कार्डें दोऱ्यानें नीट बांधून परत आणलीं. आजीचें हातचें लिहिणें त्याला लागत नव्हतें. "आजी, तूंच वाचून दाखव," असें तो म्हणाला. आणि तिनें एकामागून एक सगळीं वाचून दाखविलीं. मुलानें कार्डें जपून ठेवलीं याचें आम्हीं तेव्हां कौतुक केलें होतें.

क्लार्कबाईंचे वडील मात्र मुलीला जुन्या वेल्श पुराणांतील गोष्टी सांगत. समुद्र तुडवीत जाणाऱ्या ब्रान नांवाच्या महाकाय राजाची त्यांत विशेष. पुढें १९९३ च्या त्यांच्या एका संग्रहाला या कथांचाच आधार मिळाला. बाईंनीं कार्डिफच्या विद्यापीठांत इंग्रजीची पदवी घेतली, एक वर्ष लंडनला बीबीसींत नोकरी केली, मग लग्न, तीन मुलें, शिक्षिकेचें काम. पहिली कवितापुस्तिका निघाली ती १९७१ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं.

त्यांची आम्हांस सर्वांत आवडलेली दीर्घ कविता १९८२ च्या संग्रहांतील आहे. या लेखाचें नांव आम्हीं तिच्याच नांवावरून घेतलें. घरांतलीं माणसें बाहेर पडल्यावर एक गृहिणी मनांतल्या मनांत पत्र लिहूं लागते; तें नवरे, बाप, पूर्वज या सर्वांना उद्देशून आहे. हें सारें टाकून निघून जावें असें तिच्या मनांत येतें, आणि हात मात्र कपड्यांच्या घड्या घालीत असतात, मुरांब्याच्या बरण्या फळीवर लावीत असतात. आई, आजी, पणजी यांचीं कामें कोणत्याच दप्तरांत नोंदलेलीं नाहींत, ही तिची तक्रार; पण त्या कामांतला जिव्हाळाही ती लपवीत नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं ही कविता घरांत मराठींतून सांगितली. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. वहिनींनीं मात्र विचारलें, "मग ती गेली कीं नाहीं?"

"नाहीं," आम्हीं म्हटलें.

"वाटलेंच होतें," असें म्हणून त्या ताक झांकावयास उठल्या.

मानसन्मान पुढें यथाकाल आले. १९९० सालीं उत्तर वेल्समध्यें लेखकांसाठीं निघालेल्या एका केंद्राच्या स्थापनेंत बाईंचा हात होता. लॉइड जॉर्ज १९४५ सालीं ज्या घरांत वारले तेंच तें घर. २००८ पासून २०१६ पर्यंत त्या वेल्सच्या राष्ट्रकवि होत्या. २०१० सालीं त्यांस राणीचें काव्याचें सुवर्णपदक मिळालें. तें पूर्वीं १९६४ सालीं आर. एस. टॉमस या वेल्श कवीस मिळालें होतें. टॉमस वेल्श शिकले ते मोठेपणीं, आणि कविता त्यांनीं जन्मभर इंग्रजींतच लिहिली. क्लार्कबाईंचेंही तेंच. त्याही मोठेपणीं वेल्श शिकल्या, कांहीं अंशीं आईविरुद्धचें बंड म्हणून. केरेडिगिअनच्या खेड्यांत त्यांनीं मेंढ्या पाळल्या. पण त्यांच्या कवितेची भाषा इंग्रजीच राहिली. आईनें बंद केलेलें दार मुलीनें उघडलें खरें, पण त्या घरांत ती पाहुणी म्हणूनच गेली, असें आम्हांस वाटतें. २०२१ सालीं, चौऱ्यांशींच्या घरांत असतांना, बाईंचें 'गोडोदिन'चें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. इसवी सन ६०० च्या सुमारास लढाईंत पडलेल्या वीरांवरील हें शोककाव्य वेल्श वाङ्मयांतील अगदीं जुन्यांपैकीं आहे.

नातीचा निबंध पुरा झाला. त्या दिवशीं आम्हीं माळ्यावरून मातोश्रींच्या कार्डांचा तो जुडगा काढला. दोरा तोच होता. पहिलें कार्ड हातांत घेऊन नातीनें पहिल्याच अक्षरावर बोट ठेवलें आणि विचारलें, "आजोबा, 'चि.' म्हणजे काय?"