बोट लागणें

कोंकणच्या माणसास ‘बोट लागणें’ म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. मुंबईहून रत्नागिरीस जलमार्गानें जातांना ओकाऱ्या सुरू झाल्या कीं ‘बोट लागली’ एवढेंच म्हणत. उतारूंच्या त्या बोटी आतां राहिल्या नाहींत. आतां आगगाडीनेंही जातां येतें. तरी आमच्या बालपणींचा तो एक प्रवास आम्ही विसरलों नाहीं.

सन १९७४ च्या मे महिन्याची अखेर होती. पावसाळ्यांत बोटी बंद असत, म्हणून शेवटच्या बोटींस गर्दी फार आणि समुद्रही तेव्हां खवळूं लागलेला. आमचें अकरा माणसांचें कुटुंब भाऊच्या धक्क्यावरून निघालें. धाकट्या काकूस पांचवा महिना होता. पोट रिकामें असलें म्हणजे ओकारी येणार नाहीं, या तर्कानें वडील मंडळींनीं बायकांस सकाळपासून उपाशी ठेविलें, आणि चारचौघांची दृष्टि नको म्हणून खालच्या मजल्यावर सामानाजवळ बसविलें. तेथें यंत्राची धग, तेलाचा वास, आणि बाहेरचें कांहींच दिसत नव्हतें. हर्णै मागें पडेपर्यंत काकूच्या पोटांत पाण्याचा घोटही ठरेना. पुढें तर हांक मारली तरी ती डोळे उघडीना. आवळसुपारी झाली, लिंबू हुंगविलें, आलेपाक दिला, गुण येईना.

एक म्हातारा खलाशी जिन्यावरून वाकून म्हणाला, “आजीबाई, त्यांना वर आणा. मधोमध बसवा, नि किनारा बघूं दे.”

“सर्वांदेखत?” आजोबांनीं विचारलें.

“पोर हातची गेल्यावर मग कोणादेखत रडायचें?” आजी एवढेंच बोलली आणि आमच्या खांद्याच्या आधारानें तिनें काकूस वर नेलें.

खलाशाचें म्हणणें किती शास्त्रशुद्ध होतें, हें आम्हांस पुढें मास्तरकी करतांना कळलें. कानाच्या आंतील अर्धवर्तुळाकृति नलिका शरीर हलत असल्याची वर्दी मेंदूस देतात. डोळ्यांपुढची भिंत मात्र स्थिर दिसते. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहींत आणि शिक्षा पोटास होते! किनारा किंवा क्षितिज पाहिलें म्हणजे डोळेही हालचालीची साक्ष देऊं लागतात. बोटीचीं टोकें फार वरखालीं होतात, मधला भाग कमी. उपवासही चुकीचाच, थोडें कोरडें अन्न पोटांत असावें. डार्विनसाहेब १८३१ ते १८३६ ‘बीगल’ जहाजावर होते, त्यांस हा त्रास फार झाला. बिस्किटें व मनुका एवढेंच त्यांना सोसे. नेल्सनसारखा आरमाराचा सेनापतीही यांतून सुटला नाहीं. आणि आमच्या घरीं मात्र काकूस ‘नाजूक’ म्हणत!

जयगडाच्या सुमारास तिनें आपण होऊन मूठभर पोहे मागितले. (पुढें तिचें बाळंतपणही सुखरूप झालें.) सांज झाली, रत्नदुर्गावरील दीपगृह दिसूं लागलें, तेव्हां आजोबा कोठें दिसेनात. सामान राखावयास ते खालीं एकटेच राहिले होते. आम्ही जाऊन पाहतों तों त्यांनाच बोट लागलेली!

आजीनें माळ पिशवींत ठेविली व म्हणाली, “जा, त्यांनाही वर घेऊन ये. सर्वांदेखत.”